साडूबद्दल दोन शब्द

साडू कायमचा परदेशी निघालाय ही बातमी मला लिफ्टच्या शाफ्टमध्ये मिळाली. मी लिफ्टच्या डोक्यावर मांडी घालून दाराचा रोलर बदलत होतो आणि तो वरच्या मशीन रूममध्ये मेन स्विचजवळ उभा होता. नुसता उभा नव्हता, फडक्याने पॅनल पुसत होता. मशीन रूममधलं पॅनल. जिथे वर्षातून एकदा आम्ही जातो आणि बाकी वेळ कबुतरं जातात.

"दादा, एक सांगायचं होतं," तो वरून ओरडला.

"सांग की. आणि मेन चालू कर."

"थांबा जरा. तुम्ही आधी बाहेर या, मग मेन."

"आलो बाहेर. कर चालू."

"आलात? मग आवाज आतून कसा येतोय?"

असा आहे तो. कामावर त्याला सगळे थांबाजरा म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय. लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात लोक एकच शब्द ऐकायला तरसलेले असतात, 'झालं'. आणि ह्याच्या तोंडून निघतो तो कायम 'थांबा जरा'.

मी निमूट बाहेर आलो आणि दारातून शाफ्टमध्ये डोकं घालून वर बघायला लागलो. त्याने मेनला घातलेलं आपलं कुलूप काढलं, मेन चालू केला आणि मग शाफ्टमध्ये वाकून म्हणाला, "आमचं तिकडचं ठरतंय. कायमचं राहायची परवानगी. पीआर."

शाफ्टमध्ये आवाज घुमतो. ते 'आर' माझ्या डोक्यावर आदळून खाली गेलं, तळाला आपटलं आणि परत वर आलं.

"वा!" मी ओरडलो. "वा वा वा!"

तेही घुमलं. सात-आठ माणसं एकदम अभिनंदन करतायत असं वाटलं. त्यातला एकही मनापासून करत नव्हता.

आता आमचं नातं सांगतो. माझी बायको थोरली, त्याची धाकटी, सख्ख्या बहिणी. एकाच सासऱ्याने वेगवेगळ्या वर्षी पसंत केलेली दोन माणसं म्हणजे साडू. सासरा दोघांची तुलना मनातल्या मनात करतो, बायका तोंडावर करतात. हा आधी रंगाच्या दुकानात डबे हलवायचा. मी त्याला आमच्या कंपनीत आणलं, पाना कसा धरायचा हे शिकवलं, लिफ्टच्या डोक्यावर पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. त्याचा वरिष्ठ मी. आणि परदेशी कोण निघालं? तर पाना धरायला शिकलेला. धरायला शिकवणारा इथेच.

संध्याकाळी घरी आलो तर बायकोला आधीच माहीत.

"कळलं का?" ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला कळलंय. तुमचं नाक सांगतंय."

"नाकाला काय झालंय?"

"फुगलंय."

तिचं पुढचं वाक्य मला पाठ होतं, तरी तिने ते म्हटलंच. "तुम्ही पण कधीतरी असं काहीतरी बघायचं होतं."

म्हणून मी बघितलं. साडूला व्हिसावाल्याकडे जायचं होतं, मी म्हटलं, चल, सोबत येतो, मोठं माणूस बरोबर असलेलं बरं. तो बिचारा खूश. व्हिसावाल्याच्या ऑफिसात एक पृथ्वीचा गोल होता, प्लॅस्टिकची झाडं होती आणि भिंतीवर एका तळ्याचा एवढा मोठा फोटो की बघूनच सर्दी व्हावी. व्हिसावाला गोल फिरवत बोलायचा.

"मार्ग बरेच आहेत," तो म्हणाला. "एक गुणांचा. वय, शिक्षण, भाषा, अनुभव, सगळ्याचे गुण मोजतात, बेरीज जमली तर बोलावणं. दुसरा मालकाचा. तिकडची कंपनी म्हणते, हा माणूस आम्हाला द्या. काही जण शिकायला म्हणून जातात. नवरा-बायकोतल्या एकाने कॉलेजात नाव घालायचं, दुसऱ्याने कामाची परवानगी काढून मागोमाग जायचं, आणि मग दोघांनी कायमचं व्हायचं. शिवाय छोट्या गावांचा मार्ग. जिथे माणसं कमी, थंडी जास्त, तिथे राहू असं कबूल केलं की जरा लवकर काम होतं."

पैसे गुंतवून जाणाऱ्यांचाही एक मार्ग असतो म्हणे. आमच्या चपलांकडे बघून त्याने तो सांगितला नाही.

"लिफ्टवाल्यांना मागणी जबरदस्त," तो साडूला म्हणाला. "तिकडे इमारती उंच आणि माणसं म्हातारी. तुमचं वय छान आहे. मॅडमची पण भाषेची परीक्षा द्या, जोडीदाराचे गुण वेगळे मिळतात."

मी सहज विचारलं. सहज म्हणजे सकाळपासून घोकून ठेवलेलं, पण आवाज सहज. "आणि माझ्यासारख्याचं काय?"

"वय?"

मी सांगितलं. तो हसला. दाताचे डॉक्टर हसतात तसा, उपटायच्या आधी.

"पंचेचाळिशीनंतर वयाला शून्य गुण."

"अहो, पण माझा अनुभव ह्याच्या दुप्पट आहे!"

"अनुभवाला गुण आहेत की. फक्त तो घेताना तुम्ही वय वाढू द्यायला नको होतं."

हे वाक्य दुसऱ्या कुणाला मारलं असतं तर मी त्या माणसाला चहा पाजला असता. मला मारलं म्हणून त्याच्या प्लॅस्टिकच्या झाडाचं पान खुडत बसलो. निघताना तो म्हणाला, "तुमच्यासाठी एकच फट आहे. तिकडच्या कंपनीने स्वतःहून म्हटलं की आम्हाला हाच अनुभवी माणूस पाहिजे, तर वयाचं बघून घेतात."

फट! माणसाला भिंत दाखवली तर तो गप घरी जातो. फट दाखवली की त्याचा डोळा तिथेच चिकटतो.

त्यानंतर साडूच्या घरी जाणं म्हणजे शिक्षा. त्यांनी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं होतं, तिकडच्या वेळेचं. आपण इथे चहा पितोय आणि मेव्हणी त्या घड्याळाकडे बघून म्हणणार, "आत्ता तिकडे सगळे झोपले असतील, नाही?" जशी काही तिनेच त्यांना अंगाई म्हटली होती. साडू मोबाइलवर तिकडचं तापमान बघायचा आणि इथे घाम पुसत पुसत शहारायचा. एकदा तर दोघं पंख्याखाली जाड जाकिटं घालून बसलेली. सवय करत होते म्हणे. मेव्हणीच्या नाकावरून घामाचा थेंब चहाच्या कपात पडला आणि ती म्हणते, "हलकं आहे हो अगदी, जाणवतसुद्धा नाही."

त्या घड्याळाचं मी काय केलं ते सांगून टाकतो, मजा आहे. दर खेपेला जाताना काटा थोडा पुढे ढकलायचा. चप्पल घालता घालता, एका बोटाने. कुणाच्या बापाला कळणार नाही इतकाच. मेव्हणीचा भाषेचा क्लास तिकडून ऑनलाइन असायचा. पंधरवड्यात काटा इतका पुढे गेला की ती क्लासच्या तासभर आधी पावडर-लिपस्टिक लावून काळ्या स्क्रीनसमोर बसायला लागली. तिने दोन वेळा सेल बदलले. साडूने घड्याळ उतरवून उघडून तपासलं, पुसलं, परत लावलं. मी बाजूला बसून म्हटलं, "तिकडची वेळ इकडच्या हवेला सहन होत नसेल." दोघांनी मान डोलावली! हे लोक परदेशी जाणार!

पण असल्या खोड्यांनी पोटातली आग विझत नाही, नुसती गुदगुल्या होऊन परत पेटते. त्यात बायकोने तेल ओतलं.

"धाकटी म्हणतेय, जाताना फ्रीज आपल्याला देऊन जाणार."

"आपल्याकडे आहे फ्रीज."

"त्यांचा दोन दारांचा आहे."

"आपल्या एका दारात काय कमी आहे?"

दुसऱ्या दिवशी बघतो तर ती टेप घेऊन स्वयंपाकघराची भिंत मोजतेय. माझी टेप! तो जाणार, कायमचा राहणार, आणि मी इथे त्याच्या फ्रीजमधलं गार पाणी पिऊन त्याचं नाव काढणार. ठरलं. असं होऊ द्यायचं नाही.

आणि संधी चालत आली. साडूच आला घेऊन.

"दादा, तुमच्यावर आहे आता सगळं," तो म्हणाला. तिकडच्या एका कंपनीला तो पसंत पडला होता. त्याच्या हाताचं काम त्यांनी व्हिडिओवर बघितलं, भाषेत पास झाला. राहिलं एकच. त्यांचा एक तपासणी करणारा साहेब त्याच्या वरिष्ठाशी फोनवर बोलणार, हा माणूस जबाबदारीचं काम कसं करतो ते विचारणार. साहेबाचं समाधान झालं तर कंपनी बोलावणार, आणि कंपनीने बोलावलं की पीआरची फाइल पुढे सरकणार. नाही झालं तर पहिल्यापासून सगळं.

"मला त्यांची भाषा कुठे येते?" मी म्हटलं. "ओके आणि नो प्रॉब्लेम. संपली माझी भाषा."

"दुभाषी बाई असणार आहेत. तुम्ही आपल्या भाषेत बोलायचं. दादा, वाढवून सांगू नका. फक्त खरं ते सांगा."

"शब्दाला शब्द खरं सांगतो," मी म्हटलं. आणि त्या क्षणी मला एवढा आनंद झाला की मी त्याला मिठी मारली.

कारण खोटं बोलून खोडी काढणं हे कच्च्या माणसाचं काम. खोटं पकडलं जातं. मुरलेला माणूस खऱ्यावर चालतो. आणि साडूबद्दलचं खरं काय होतं? आमच्या धंद्यात ज्याला लोक शिव्या घालतात ते सगळं. हळू, हट्टी, संशयी, वरिष्ठांचं न ऐकणारा. एकही गोष्ट मला रचायची नव्हती. नुसतं उदाहरणासकट सांगायचं होतं.

फोन दुपारी आला. मी स्वच्छ शर्ट घालून पलंगावर बसलेलो. बायको शेजारी, बहिणीच्या काळजीने माझ्यावर नजर ठेवून. मोबाइल स्पीकरवर.

दुभाषी बाईंचा आवाज इस्त्री केल्यासारखा. "नमस्कार. खोलीत आणखी कोणी आहे का?"

"बायको आहे."

"त्यांनी मध्ये बोलायचं नाही."

"हे तुम्हीच तिला सांगून बघा. मी लग्नापासून सांगतोय."

बाईंनी हे साहेबाला भाषांतर करून सांगितलं. सगळं. कुणी हसलं नाही. मग साहेबाचा जाडसर आवाज आला, आणि बाई म्हणाल्या, "साहेब विचारतायत, हा माणूस कामाला किती वेळ लावतो?"

पहिल्याच चेंडूला षटकार! मी घसा साफ केला.

"खरं सांगू? फार लावतो. जे काम मी चहा थंड व्हायच्या आत उरकतो त्याला हा अर्धा दिवस घेतो. का, ते विचारा. आधी मेन बंद करणार. ठीक आहे. मग त्या मेनला स्वतःचं कुलूप लावणार. आणि किल्ली? किल्ली स्वतःच्या खिशात. मी वरिष्ठ, मी मागतो, तर मलाही देत नाही! बरं, कुलूप लावलं, आता तरी काम कर? नाही. टेस्टर लावून बघणार की वीज खरंच गेली का. अहो, स्वतः बंद केलीय, स्वतः कुलूप घातलंय, आणि स्वतःवरच विश्वास नाही. असा संशयी माणूस तुम्ही पाहिलाय का?"

बायकोने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की 'पाहिलाय का' मधला 'का' वरच्या पट्टीत गेला.

बाईंनी भाषांतर केलं. पलीकडून टकटक ऐकू आली. लिहून घेतोय! मी बायकोकडे बघून निरागस तोंड केलं. तिने नुसत्या ओठांनी मला जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

"साहेब विचारतायत, वरिष्ठांनी सांगितलेलं ऐकतो का?"

"ऐकतो? एकदा काय झालं सांगतो. एका इमारतीत वरच्या मजल्यावर मालकाकडे मोठं जेवण. पाहुणे खाली जमलेले, नवे कपडे, हातात फुलं. आणि लिफ्टच्या दाराचा स्विच नीट बसत नव्हता. मालक म्हणाला, आजच्या दिवस चालवा, उद्या बघू. मीही म्हटलं, चालव. वरिष्ठ म्हणून हुकूम दिला. तर हा म्हणतो, थांबा जरा. लिफ्टला पाटी अडकवली, 'बंद', आणि समोर स्टूल टाकून बसला. मालक ओरडतोय, मी ओरडतोय, हा बसलाय. सगळे पाहुणे जिन्याने गेले. मालकाच्या सासूबाईंना खुर्चीवर बसवून वर न्यावं लागलं. आणि नेलं कुणी? आम्ही दोघांनी! प्रत्येक मजल्यावर त्या मला विचारायच्या, आलं का रे बाळा? गिऱ्हाईक कायमचं नाराज झालं साहेब. असा माणूस."

टकटक, टकटक. बाईंनी मध्येच विचारलं, "साहेब म्हणतायत, पाटी लावली होती ना नक्की?"

"लावली ना! सगळ्या मजल्यांवर लावली. वर जाऊन, जिन्याने, एकेक."

बायकोने डोक्याला हात लावला.

"आणि चूक झाली तर काय करतो?"

"चूक लपवायची अक्कलच नाही त्याला. एकदा एक नट जरा ढिला राहिला. कुणाला पत्ता नाही, लिफ्ट मस्त चाललेली. हा सकाळी उठून स्वतः तिथे गेला आणि गिऱ्हाइकाला सांगून आला की माझ्याकडून असं राहिलं होतं. शिव्या कुणी खाल्ल्या? मी. मी म्हटलं, अरे, आपल्या चुकीची आपणच दवंडी पिटायची? तर म्हणतो, लोक बसतात ना दादा आत."

एवढं झाल्यावर पलीकडे बराच वेळ दोघांचं आपसात चाललं. मी मनात म्हटलं, बुडाला थांबाजरा. वाईटही वाटलं थोडं. मग फ्रीज आठवला आणि वाईट वाटणं थांबलं.

"साहेब म्हणतायत," बाई म्हणाल्या, "तुम्ही दिलेली माहिती फार उपयोगी आहे."

"कर्तव्यच आहे माझं."

"साहेब विचारतायत, तुम्हीही बरीच वर्षं हेच काम करता. तिकडे अनुभवी माणसांची फार गरज आहे. माणूस चांगला असेल तर कंपनी वयाचं बघून घेईल. तुम्ही स्वतः काम कसं करता?"

फट! माझ्या कानात नुसती शिट्टी वाजली. बायकोनेही ऐकलं. मांडीवरचा चिमट्याचा हात एकदम मऊ झाला आणि ती मांडी थोपटायला लागली. दुसऱ्या हाताने तिने स्वतःचे केस सारखे केले. फोन होता हो, व्हिडिओ नव्हता.

"मी?" मी म्हटलं. "माझं काम म्हणजे हात फिरला की झालं. एकच सांगतो, त्यावरून ओळखा. एका ऑफिसात ऐन सकाळी लिफ्ट अडकली. सगळे कामावर यायची वेळ. हा थांबाजरा असता तर लोक दुपारी पोचले असते. मी काय केलं? वायरचा बोटभर तुकडा घेतला आणि दाराचा स्विच डायरेक्ट करून टाकला. म्हणजे लिफ्टला वाटतं की दार बंद आहे. मग दार उघडं असो नाहीतर नसो, तिला काय करायचंय? बसलो लिफ्टच्या डोक्यावर आणि चालू लिफ्टमध्ये दुरुस्ती केली."

बाई म्हणाल्या, "पुन्हा सांगाल का? सावकाश."

थक्क झाल्या बिचाऱ्या. मी पुन्हा सांगितलं, जरा रंगवून.

"साहेब विचारतायत, दार उघडं असताना लिफ्ट चालत होती?"

"चालत होती? पळत होती!"

"आणि तुम्ही तिच्या वर होतात?"

"वर. एका हातात टॉर्च आणि एका हातात चहा."

"आत माणसं होती?"

"खच्चून! आणि त्यांना काही कळलंसुद्धा नाही. हेच तर कसब आहे."

आता टकटकही थांबली. दुभाषी बाईंचा श्वास ऐकू येत होता. "साहेब विचारतायत, असं एकदाच झालं का?"

मी ओळखलं. भाव पाडायला बघतोय. एकदा कुणीही करतो, त्यात काय मोठं, असं म्हणणार.

"एकदाच?" मी म्हटलं. "रोजचं आहे!"

साहेबाने स्वतः 'थँक यू' म्हटलं. ते मला भाषांतराशिवाय कळलं.

फोन बंद झाल्यावर बायको माझ्याकडे बघत राहिली. रागवावं की ओवाळावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

"धाकटीचं काय होईल हो?" तिने विचारलं.

"मी एक शब्द खोटा बोललो का?"

"नाही, पण…"

"मग? खऱ्याला काय करणार? त्याचं नशीब. तू जाकिटं बघायला लाग."

पुढचे काही दिवस मी इतका गोड वागलो की ओळखीच्या लोकांनी तब्येत विचारली. साडूला कामावर चहा मीच द्यायचो. पाठीवरून हात फिरवायचो. तो कुलूप लावत बसला तरी ओरडायचो नाही. म्हणायचो, लाव बाबा, सावकाश लाव, तुला इथेच राहायचंय. घरी बायकोशी बोलणं झालं की आता आपण तिकडे जाताना आपला एका दाराचा फ्रीज धाकटीला द्यायचा. तिनेच विषय काढला. जळण्यापेक्षा दुसऱ्याला जळायला लावणं किती आरोग्याचं आहे, हे मला त्या दिवसांत कळलं. झोपसुद्धा छान लागायची.

मग एका संध्याकाळी दोघं आली. मेव्हणीने आत शिरताच ताईला मिठी मारली, सोडली आणि माझ्याकडे वळली. डोळ्यात पाणी.

"भाऊजी, तुमच्यामुळे झालं! फक्त तुमच्यामुळे!"

"काय झालं?" मी विचारलं.

"कंपनीने बोलावलं," साडू म्हणाला. "फाइल पुढे गेली दादा. साहेब म्हणाले, अशी शिफारस त्यांनी आजवर ऐकलेली नाही. सगळ्यांचे वरिष्ठ एकच सांगतात, माणूस मेहनती आहे, पटपट काम करतो. माझ्या वरिष्ठाने मात्र प्रत्येक गोष्ट पुराव्यासकट सांगितली. कुलूप, किल्ली खिशात, टेस्टर, पाटी, स्टूल. नटाचं तर मीच विसरलो होतो. त्यांच्या नियमांचं पुस्तक आहे ना, ते पाठ करून बोलल्यासारखं तुम्ही बोललात, म्हणाले."

माझ्या पोटात लिफ्टचा दोर तुटला. आम्ही ज्याला शिवी म्हणतो ते तिकडे माणसाच्या गळ्यात हारासारखं घालतात, हे मला कुणी आधी सांगायचं नाही का? मी ह्याला माझ्या हाताने, माझ्या तोंडाने, उदाहरणं देऊन देऊन, विमानात बसवला होता.

"वा," मी म्हटलं. ह्या वेळी घुमलंसुद्धा नाही. "आणि माझं काही म्हणाले का?"

साडूने कप उचलला, आत बघितलं, परत ठेवला.

"थांबा जरा दादा."

"अरे, सांग ना!"

"तुमचं बोलणं त्यांनी रेकॉर्ड केलंय. जपून ठेवणार आहेत."

"बघ!" मी बायकोला म्हटलं.

"नव्या मुलांना शिकवताना ऐकवणार आहेत म्हणे," मेव्हणी म्हणाली.

"बघ!"

"म्हणजे," साडू हळूच म्हणाला, "काय करू नये, त्या तासाला."

बायको स्वयंपाकघरात गेली. काम काही नव्हतं तिकडे.

"तिकडे फिरायला कधीही या दादा," साडू पुढे म्हणाला, "आमच्याकडेच उतरायचं. फक्त साहेबांनी सांगितलंय, लिफ्टला हात नाही लावायचा. आमची खोली तळमजल्यावरच बघतोय आम्ही."

माणूस पडला की लोक हात देतात. हा मला तळमजला देत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आणखी काय म्हणाला तुझा साहेब?"

"शेवटी एकच विचारलं. म्हणाले, अशा माणसाच्या हाताखाली इतकी वर्षं काम करून तू हे सगळं शिकलास कुठे?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, त्यांच्याकडेच बघून."

स्वयंपाकघरात भांडं पडलं आणि पाठोपाठ बायकोचं हसू. तोंडात पदर कोंबून हसतात ते नाही, भिंतीला टेकून हसतात ते. मेव्हणीने तोंड वळवलं, तिचे खांदे हलत होते.

मी साडूच्या तोंडाकडे बघत होतो. सगळ्या आयुष्यात मी लोकांची तोंडं वाचत आलोय, खोडी काढणाऱ्याला ते यावंच लागतं. कुठेतरी ओठाचा कोपरा हलतो, डोळ्यात काहीतरी चमकतं. ह्याच्या तोंडावर काहीच नाही. गालाची शीरसुद्धा हलली नाही. एक तर तो खरंच आभार मानत होता, किंवा इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहून, फडक्याने पॅनल पुसत, माझा बाप निघाला होता.

"साहेब काय म्हणाला मग?" मी विचारलं.

"हसले. बराच वेळ. म्हणाले, असा माणूस आमच्यात पाहिजे."

आता तुम्हाला वाटेल मी तिकडच्या घरावर जळतोय, थंडीवर, जाकिटावर, पीआरवर. छे. ते सगळं गेलं. दोन दारांचा फ्रीज घरी आलाय, पाणी गार होतं, बायको खूश आहे. जळतो मी त्या एका वाक्यावर. 'त्यांच्याकडेच बघून.' उभ्या जन्मात मला असं वाक्य सुचलं नाही, आणि हा थांबाजरा ते परदेशी साहेबाला, परदेशी भाषेत, न हसता सांगून कायमचा निघून गेला.

मी ते चोरायचा प्रयत्नही केला. कामावर चहाच्या वेळी चारचौघांत म्हटलं, एकदा मला एकाने विचारलं, हे सगळं शिकलास कुठे, तर मी म्हटलं, वरिष्ठाकडेच बघून. कुणी हसलं नाही. ते वाक्य चालायला वर माझ्यासारखा वरिष्ठ लागतो. तो नेमका मला मिळाला नाही.